साडूंनी निवडलेला राखीव गडी

काळजी करायला काहीतरी कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या साडूंना पाहिलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पाटोद्याच्या शाळेत जन्मभर खेळाचे मास्तर होते. ते निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी आणि कपाळावरची आठी काही निवृत्त झाली नाही. दूधवाला उशिरा आला तर वाटेत पडला असेल ही काळजी, आणि लवकर आला तर एवढ्या जोरात गाडी हाणतो म्हणजे उद्या पडणार ही काळजी. लग्नाला गेले की अक्षता हातात धरून सगळे नवरानवरीकडे बघतात, साडू मांडवाच्या खांबांकडे बघतात. एका लग्नात तर पंगतीतून उठून त्यांनी एक खांब दोन्ही हातांनी धरून ठेवला. मांडववाला येऊन सांगून गेला, "सर, सोडा की, त्यो नुसता झालर बांधायला हाय." तरी सोडला नाही. शेवटी आक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, ताट तिथंच नेऊन उभ्या उभ्या त्यांना घास भरवले आणि सगळ्या वऱ्हाडाला फुकटात दुसरं लग्न बघायला मिळालं.

त्यातही निवड करायची वेळ आली की साडूंची काळजी दुप्पट होते. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा थोरले जावई म्हणून हेही बैठकीत होते. शिक्षण, नोकरी, गोत्र वगैरे बाकीच्यांनी विचारलं. साडू म्हणाले, "पाव्हणं, जरा त्या विहिरीपर्यंत चालून येता का?" मी गेलो आणि आलो. "आता जरा पळत." मी धोतरातल्या वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी छताकडे पाहिलं. मी पळालो. परत आलो तेव्हा साडू सासऱ्यांच्या कानात काही सांगत होते. ते मला लग्नानंतर कितीतरी दिवसांनी कळलं. ते म्हणाले होते, "द्या पोरगी. हे काय पळून जाणार न्हाई. जमायचंच न्हाई त्याला."

साधं फळ घ्यायचं तरी तेच. पाटोद्याच्या बसस्टँडजवळ अन्वरचा फळांचा गाडा. अन्वर हा साडूंचाच विद्यार्थी, तालुक्यातला एके काळचा नावाजलेला कबड्डीपटू, आता तिशीला टेकलेला. साडू त्याच्या गाड्यावरचं एकूण एक कलिंगड वाजवून बघत, घरी जायला निघत, पुन्हा फिरून येत. एकदा अन्वरनंच एक उचलून त्यांच्या पिशवीत घातलं. म्हणाला, "सर, घेऊन जावा. वाईट निघालं तर माझ्या नावानं ओरडा. तुमी सोताला कावून तरास करून घेताव?" साडूंनी ते घरी नेलं आणि वाईट निघेल या भीतीनं दोन दिवस कापलंच नाही.

अशा माणसाला एका व्यावसायिक कबड्डी संघानं निवड करायला बोलावलं. आमच्याच भागातल्या एका कंत्राटदारानं हौसेनं राज्याच्या लीगमधला एक संघ विकत घेतला होता. प्रशिक्षक बाहेरचे होते, खेळाडू ठिकठिकाणचे होते, पण मालकाची इच्छा अशी की एखादी तरी जागा जिल्ह्यातल्या जाणत्या माणसानं भरावी. उरली होती ती राखीव चढाईपटूची जागा. संघाचा मुख्य चढाईपटू मोठा हुकमी होता, पण त्याचा गुडघा अधूनमधून कुरकुरायचा. तो बसला तर दुसऱ्या अंगणात चढाई करायला कोण जाणार, एवढंच साडूंनी ठरवायचं होतं.

आम्हाला सगळ्यांना वाटलं, हा मानाचा मान आणि कामाला काम नाही. राखीव गडी म्हणजे टॉवेल धरून बसणारा. मी तसं बोललोही. साडू माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी त्यांच्या घराला काडी लावली होती. "पाव्हणं, पहिला गडी कुनीबी निवडंल. त्यो दिसतोच. दुसरा निवडायचा म्हंजी आंधारात हात घालायचा. पहिला पडला की सगळे दुसऱ्याकडं बघत्यात, आन दुसरा पडला की ज्यानं त्याला निवडला त्याच्याकडं!"

माझं बीडला औषधांचं दुकान आहे. त्या महिन्यात मी शटर उघडायच्या आधी साडूंचा फोन ठरलेला. गुडघ्याला बर्फ लावावा का शेक द्यावा? मलमानं कातडी सैल पडते का? मी म्हणायचो, "साडूभाऊ, तुम्हाला राखीव गडी निवडायचाय, पहिल्याचा गुडघा नव्हे." तर म्हणायचे, "त्याचा गुडघा चांगला ऱ्हायला तर माजी निवड चुकली तरी कुनाला कळणार न्हाई." न्हाव्याला विचारून झालं, एसटीच्या कंडक्टरला विचारून झालं. आक्का एकदा वैतागून म्हणाल्या, "माझ्याशी लग्न करताना एवढा इचार केलता का?" साडू म्हणाले, "तवा वडलांनी निवडलंतं. म्हनून तर बरं झालं."

खूप पोरं बघून झाल्यावर दोनच नावं राहिली. एक अन्वर. दुसरा तलवाड्याकडचा मेंढपाळाचा मुलगा, दत्ता. अन्वरचा दम मोठा, डोकं थंड, पण वय झालेलं. ही त्याची शेवटची संधी. दत्ता विशीतला, त्याला पळताना बघितलं की मैदानच मागं सरकतंय असं वाटायचं. साडूंचा जीव टांगणीला लागला. अन्वरला घेतला तर लोक म्हणणार, आपला विद्यार्थी घुसवला. न घेतला तर लोकांच्या भीतीनं एका चांगल्या गड्याचा घात केला, असं ते स्वतःच स्वतःला म्हणणार. त्यांनी जेवण सोडलं नाही, पण ताटात काय आहे ते त्यांना कळेनासं झालं. आक्कांनी मुद्दाम दोन दिवस एकच भाजी केली, तेही लक्षात आलं नाही.

एके सकाळी मोटारसायकल घेऊन ते बीडला माझ्या दारात हजर. "चला तलवाड्याला. पोरगं घरी कसं हाय ते बघू." गावाबाहेर माळावर मेंढरं बसली होती. दत्ता कुठं दिसेना. त्याची आई होती. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून तिनं आधी पदर सावरला, मग पाणी दिलं आणि म्हणाली, "घिऊन जावा की सर. लई चांगलं हुईल त्याचं. फकस्त त्याला कुठं बसवू नगा बरं. त्यो बसला की आजारी पडतो."

"म्हंजी?" साडूंनी पाण्याचा तांब्या तसाच धरला.

"साळंत बसवला, तर ताप आला. मामाच्या दुकानात बसवला, तर पोटात दुखायला लागलं. मेंढरामागं सोडला आन खडखडीत बरा झाला."

परत येताना बीड आल्यावर साडू गाडी थांबवून म्हणाले, "पाव्हणं, राखीव गड्याला खेळायच्या आधी काय करावं लागतं? बसावं लागतं. आन आमी सगळ्यांला पळवूनच बघितलं!"

पुढच्या रविवारी त्यांनी दोघांना पाटोद्याच्या शाळेच्या मैदानावर बोलावलं. दोघेही गुडघ्यांना पट्टे बांधून तयार होऊन आले. साडूंनी त्यांना लिंबाखालच्या बाकड्यावर बसायला सांगितलं आणि मैदानात गावातल्या पोरांचा खेळ लावून दिला. का बसायचं, किती वेळ बसायचं, काही सांगितलं नाही. थोड्याच वेळात दत्ताचा गुडघा हलायला लागला. मग तो पाणी प्यायला उठला. मग एका पोराला पकड कशी धरायची ते सांगायला गेला, आणि आम्ही पाहतो तो मैदानात घुसून त्यानं अशी चढाई केली की तीन गडी टिपून हसत परत आला. पोरांनी ओरडून मैदान डोक्यावर घेतलं. साडूंनीही टाळ्या वाजवल्या, त्यांचे डोळे भरून आले होते. "काय पोरगं हाय बे!" ते म्हणाले. मला वाटलं, ठरलं. पण त्यांनी माझा हात धरून बाकड्याकडे वळवला. "त्याच्या टाचा बघा."

अन्वर होता तिथंच बसला होता. पण मैदानात कोणी चढाईला निघालं की त्याच्या दोन्ही टाचा हळूच उचलायच्या, आणि चढाई संपली की टेकायच्या. दुपार कलेपर्यंत असंच चाललं होतं. "बसलाय," साडू म्हणाले, "पर बसलेला न्हाई."

अन्वरची निवड झाली. दत्ताला नाही म्हणून सांगायला साडू पुन्हा स्वतः तलवाड्याला गेले. फोनवर सांगितलं असतं तर पोरानं काही मनाला लावून घेतलं का ते दिसलं नसतं. त्याला म्हणाले, "तू राखीव न्हाईस. तू पहिला हायस. तुजा संघ तुला अजून भेटायचाय, एवढंच." तो भेटलाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संघानं दत्ताला मुख्य चढाईपटू म्हणून उचललं. बातमी घेऊन मी फोन केला तर साडूंचा पहिला प्रश्न, "त्याचा राखीव कोन हाय?"

अन्वर संघाबरोबर गेला आणि गाड्यावर त्याचे म्हातारे वडील, ज्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, एकटे पडले. साडूंना ती नवी काळजी लागली, म्हणून ते रोज गाड्यावर मदतीला बसू लागले. गिऱ्हाईकानं पेरूला हात लावला की हे म्हणायचे, "त्यो नगा घेऊ, आतून खराब असंल." पपई उचलली की, "पोटाला सोसंल का तुमच्या?" चार दिवसांनी चाचांनी हात जोडले. "सर, तुमी घरी बसून काळजी करा. हितं गिऱ्हाईक तरी येऊ द्या."

पण सामना असला की दोघं चाचांच्या मोबाइलवर तो एकत्र बघत. संघ जिंकत होता, मुख्य चढाईपटूचा गुडघा कधी नव्हे तो ठणठणीत होता, आणि अन्वर सामन्यामागून सामने बाकावर बसून होता. मधेच एखादा क्षण तो पडद्यावर दिसायचा, खांद्यावर टॉवेल टाकलेला. चाचा एकदा नमाजाला निघताना थांबले. "सर, दुवा काय मागू? त्या पोराचा गुडघा मोडो म्हनू का?"

"तोबा करा, चाचा!"

"मग माजा पोरगा असाच बसून ऱ्हावा म्हनू का?"

त्या दिवशी साडू न जेवता झोपले, आणि आक्कांनी मला फोन करून विचारलं की काळजी कमी व्हायची एखादी गोळी दुकानात असते का.

साखळीतला शेवटचा सामना संभाजीनगरला होता, दुपारचा. जिंकला तर संघ पुढच्या फेरीत, हरला तर घरी. मी साडूंना घेऊन गेलो. सामना संपायला थोडा वेळ उरला होता, संघ दोन गुणांनी मागं होता, आणि मुख्य चढाईपटू उडी मारून खाली आला तो गुडघा धरूनच. हॉलमधले लोक उठून उभे राहिले. प्रशिक्षकांनी बाकाकडे पाहून हात केला. अन्वर उठला. मी साडूंकडे वळलो तर खुर्ची रिकामी. ते दाराबाहेर पोचले होते.

म्हणून पुढचं सगळं मीच पाहिलं. अन्वरची पहिली चढाई रिकामी गेली. दुसऱ्या चढाईत त्यानं कोपऱ्यातला गडी असा टिपला की मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. एक गुण मागं, आणि शेवटची चढाई. अन्वर खोल गेला, एकाला पायानं, एकाला हातानं शिवला, आणि वळला. तेवढ्यात तिघांनी त्याला धरलं. तो तिघांना ओढत मध्यरेषेकडे सरकला, आडवा पडला, हात लांब केला. हात वीतभर कमी पडला. शिट्टी झाली.

त्यानंतर कंत्राटदारानं संघ विकला आणि नव्या मालकांनी साडूंना काही विचारलं नाही. अन्वर गाड्यावर परत आला आणि मोबाइलवर सामने बघून बघून चाचांना चष्मा लागला. मला मात्र त्या दिवशीचं हॉलबाहेरचं आठवतं.

साडू गाड्या लावायच्या जागेत एका टेम्पोला टेकून उभे होते. मी निकाल सांगितला. ते म्हणाले, "ते वरडण्यावरून कळलं. पोराला लई लागलं का?" तेवढ्यात अन्वर स्वतःच आला. ढोपर सोललेलं, हातात बूट. दोघंही एकमेकांकडे बघेनात.

"सर, तुमी बघितलंच न्हाई म्हनं," अन्वर म्हणाला.

"न्हाई बघवलं, बाबा. एवढे दिवस बसवून ठिवलं तुला. चुकलं का रे माजं?"

अन्वरनं बूट खाली ठेवले, पायानं मातीत एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाला, "हिकडं या सर. तुमी पकडणारे. दावतो."

आणि त्या दोन टेम्पोंच्या मधे, दम घेऊन, कबड्डी कबड्डी म्हणत अन्वर चढाईला आला. कुठल्या गड्याला कसा शिवला, कुठं वळला, सगळं जसंच्या तसं करत. साडू वाकून, हात पसरून, तोंडानं "डावीकडं, डावीकडं" म्हणत त्याला अडवत होते. अन्वर रेघेकडे वळला तेव्हा त्यांनी त्याचा पाय धरला. तो पडला, हात लांब केला, आणि तिथंही तो वीतभर कमीच पडला असता. पण पाय सुटला. बोटं रेघेच्या पार गेली.

अन्वर तसाच मातीत पडून हसायला लागला. "सर, मुद्दाम सोडला तुमी."

साडू धापा टाकत टेम्पोच्या चाकाला धरून खाली बसले. "न्हाई बे," ते म्हणाले. "म्हातारा झालो. सुटला."