ज्वालामुखी चढायचा सराव

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, बाई, झालं गेलं विसरा आता. झालं गेलं कुठे? अजून तर आम्ही निघालोही नाही.

गोष्ट अगदी साधी होती. मला ज्वालामुखी बघायचा होता. खेड तालुक्यातल्या शाळेत मी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. दरवर्षी लाल खडूने फळ्यावर तोच डोंगर काढायचा, त्याच्या पोटातून वर जाणारी नळी काढायची, तोंडाशी धूर काढायचा. मग मुलांना सांगायचं की आपल्या विहिरी खणताना लागतो तो काळा कातळ म्हणजे कधीकाळी जमिनीतून वर आलेला लाव्हा, आणि आपल्या घरांचा तांबडा जांभा म्हणजे त्याच कातळाचं ऊनपावसाने केलेलं रूप. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हे घडाघडा सांगितलं असतं. आणि मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेला डोंगरावरचा धूर कुठला, तर पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात त्या भाजावळीचा.

निवृत्त झाले, गावी राहायला आले. आमची वाडी बुरोंडीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुंबईला. रिकामा वेळ मिळाल्यावर मी जावा बेटावरच्या त्या राष्ट्रीय उद्यानाचा ध्यास घेतला. तिथे राखेचं भलंमोठं मैदान आहे आणि मैदानाच्या मध्ये धुमसणारा डोंगर. राखेच्या उतारावरून सिमेंटच्या पायऱ्या थेट त्याच्या तोंडापर्यंत जातात. वर उभं राहून आत डोकावता येतं. विषुववृत्ताखालचा देश, तरी पहाटे स्वेटर लागतो म्हणे, इतकं ते उंचावर. मोबाइलवर मी ते इतक्या वेळा बघितलं की मुलगा म्हणाला, आई, तुझा नेट पॅक त्यातच संपतो.

पण माझा उजवा गुडघा गेला आहे. खेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अजून वर्षभर ढकलाल, मग ऑपरेशनला पर्याय नाही, आणि त्यानंतर पायऱ्या चढायचा नाद सोडायचा. म्हणजे जायचं तर येत्या मे महिन्यात. तिकडे तेव्हा कोरडा मोसम सुरू झालेला असतो. यंदा नाही तर कधीच नाही, असा सरळ हिशेब होता.

म्हणून सराव हवा होता. आमच्या डोंगरात चढण काय कमी नाही, पण ती पायवाटेची. मला एकसारख्या, सलग पायऱ्या हव्या होत्या. तशा आमच्या भागात आहेत आंजर्ल्याला, कड्यावरच्या गणपतीकडे जाणाऱ्या. आता गाडीरस्ता थेट वर जातो, त्यामुळे आडदिवशी त्या पायऱ्यांवर चिटपाखरू नसतं.

आम्ही बौद्ध. गणपतीला आमच्यात कोणी हात जोडत नाही, मीही जोडत नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी छप्पन सालानंतर घरातले देव उचलून खाडीत सोडले, ते कसे सोडले हे आमच्या घरात अजून अभिमानाने सांगतात आणि मीही सांगते. मला त्या पायऱ्यांशी काम होतं, वरच्या देवळाशी नव्हतं. हे मला इतकं उघड वाटत होतं की कोणाला सांगायची गरजच वाटली नाही.

सोबतीला माझी मोठी जाऊ आली. मी तिला वयनी म्हणते. सगळा गाव मला बाई म्हणतो, तीही बाईच म्हणते, पण एकेरीत. वयाने माझ्यापेक्षा मोठी, शाळा चौथीपर्यंत, आणि गुडघे मात्र ठणठणीत. आयुष्यभर डोक्यावर भारे वाहिलेल्या बाईला पायऱ्यांचं काय कौतुक? मी अर्ध्यावर धापा टाकत बसायची, ती वर जाऊन परत माझ्यापर्यंत खाली यायची.

"दमानं चढ गो बाई," म्हणायची. "डोंगर काय पलून जात नाय."

देवळाच्या अलीकडे आम्ही थांबायचो, पायरीवर बसून घावणे खायचो आणि उतरायचो. सोबत सुकट न्यायची नाही एवढं भान आम्ही ठेवलं होतं. दुसऱ्याच्या देवाच्या वाटेवर सुकट खाणं बरं दिसत नाही. तिथे बसून मी वयनीला मोबाइलवर तो ज्वालामुखी दाखवला. तिने पुन्हा लाव म्हटलं, पुन्हा लाव म्हटलं. आत काय शिजतं, खालून कोण पेटवतं, असं विचारत राहिली. मी सांगत राहिले. एक दिवस उतरताना ती म्हणाली, "मी पन येईन." मुलीच्या बाळंतपणाला दुबईला जायचं म्हणून तिचा पासपोर्ट काढून ठेवला होता, ते जाणं राहिलं ते राहिलंच. मला आनंद झाला. दोघींचं ठरलं.

आणि मग तो फोटो.

आमच्याच वाडीतल्या एका रिक्षावाल्याने आंजर्ल्याला पर्यटक सोडताना आम्हाला बघितलं. हाक मारली असती तर मी चहा पाजला असता. त्याने फोटो काढला आणि आमच्या बौद्ध समाजाच्या गावशाखेच्या ग्रुपवर टाकला. फोटोत मी पायरीवर बसलेली, आणि वयनी माझ्यापुढे उभी राहून दोन्ही हातांनी पदर धरून तोंडाचा घाम पुसतेय. बघणाऱ्याला वाटावं, हात जोडलेत. आम्ही दापोलीच्या स्टँडवर उतरायच्या आत मुंबईला राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या कमिटीने तो फोटो बघितला होता. माझ्या मुलाचा फोन आला, "आई, हे काय ऐकतोय मी?" काय ऐकतोयस, ते आधी मला विचार की! पण नाही.

पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात बैठक लावली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, आणि माईकला टेकवून ठेवलेला मोबाइल, त्यात मुंबईकर. गावशाखेचे अध्यक्ष म्हणजे माझे थोरले दीर, वयनीचे मालक. मी त्यांना भावोजी म्हणते. माणूस वाईट नाही. पण खुर्चीवर बसला की त्याला घरातली माणसं ओळखू येत नाहीत.

"बाई, तुमी शिकलेल्या," ते म्हणाले. "तुमच्याकडं बघून बाकीच्या बायका चालतात. तुमीच आमच्या हिला देवलात न्यायला लागलात, तर मंग झालंच."

"देवळात नाही नेलं. पायऱ्यांवर नेलं."

"पायऱ्या कुठं जातात?"

मोबाइलमधून कोणीतरी हसलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी आयुष्यभर पोरांना भूगोल शिकवला, आणि हा गाव मला पायऱ्या कुठे जातात ते विचारत होता. मी तिथेच सगळं सांगितलं. गुडघा, डॉक्टर, जावा, मे महिना, सगळं. पायरी चढल्याने भक्ती लागत असती तर देवळांच्या बांधकामावर दगड फोडायला जाणारे आपले लोक कधीच भक्त झाले असते, हेही सुनावलं. वयनी सतरंजीच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती. तिला कोणी एक शब्द विचारला नाही. फोटोत हात जोडल्यासारखे दिसत होते ते तिचे, आणि जाब मला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरले असते. पण मोबाइलमधून एक आवाज आला, "जावा? अहो, तिथे तर केवढा मोठा स्तूप आहे!"

बैठकीचा नूर पालटला. मघाशी ज्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, त्यांचे चेहरे उजळले. बाईंनी चांगला विषय काढला, म्हणे. मेमध्येच वैशाखी पौर्णिमा. स्तूपावर वंदना. धम्मयात्रा. पुढच्या बैठकीपर्यंत टूरवाला ठरला, पांढऱ्या साड्या ठरल्या, बॅनरवर कोणाकोणाचे फोटो याच्यावरून दोघांची बोलाचाली बंद झाली. आणि मुंबईकरांनी आखून पाठवलेला कार्यक्रम भावोजींनी माईकवरून वाचून दाखवला. स्तूप, दुसरं एक मंदिर, संग्रहालय, मग एक दिवस खरेदी.

"आणि ज्वालामुखी?" मी विचारलं.

"बाई, त्यो काय, निस्ता धूर. म्हातारी मानसं हायत, पहाटं उठायचं, थंडी, धूल. तो दिवस वाचवला. आनि स्तूपावरनं लांब एक तसलाच डोंगर दिसतो म्हने. तुमी तिथनं बघा."

लांबून बघा! एक दिवस खरेदीला आहे, आणि ज्वालामुखीला दिवस नाही. खरेदी दापोलीत होत नाही? मुंबईत होत नाही? आणि यातलं सगळ्यात चीड आणणारं काय, तर मला विरोध करायलाही जागा ठेवली नव्हती. मी तोंड उघडलं असतं तर बाईंना स्तूप नको, धूर हवा, असं झालं असतं. स्तूप मला हवा होता. मी बुद्धाला रोज वंदन करते, आणि त्या स्तूपापुढे मी जितका वेळ बसले असते तितका वेळ बॅनर धरणाऱ्यांपैकी एकही बसणार नाही. पण डोंगर माझा होता. तो मी शोधला, मी ठरवला, त्याच्यासाठी मी गुडघ्याला तेल चोळत पायऱ्या चढले. तो त्यांनी मला न विचारता काढून टाकला आणि वर मलाच मार्गदर्शक म्हणून नेमलं.

मुलाला फोन केला तर तो खूश. "सगळे बरोबर आहेत ना आई, मग मला काळजी नाही." त्याला त्याची काळजी मिटवायची होती. मी त्याला म्हटलं, तुझी काळजी मिटावी म्हणून मी जन्माला आलेले नाही, आणि फोन ठेवला. तो रात्रभर बिचारा जागा राहिला असेल. राहू दे.

चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. भांडी आपटली, अंगण दोनदा झाडलं. वयनीही आली नाही. ती आली नाही याचाही राग आला. मला वाटलं, नवऱ्याच्या यात्रेत तिचं नाव आहे, पांढरी साडी घेऊन झाली असेल, कशाला येतेय. शेवटी मीच ठरवलं आणि उठून त्यांच्या घरी गेले.

संध्याकाळची वेळ. भावोजी पडवीत खुर्चीवर, वयनी खाली पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की मी यात्रेला येणार नाही. मी माझी जाईन. ज्वालामुखीही बघेन आणि स्तूपालाही जाईन, माझ्या वेळेने.

"एकटी?" भावोजी म्हणाले. "परदेशात? काय झालं तर लोक कमिटीला बोलतील."

"बोलू देत."

"बाई, तुमचं वय काय, गुडघे काय—"

"एकटी कशाला?" वयनी म्हणाली. शेंगा सोलणारे हात थांबले नव्हते. "मी जातेय की तिच्यासंगं. तुमी स्तूपाला जावा. आमी डोंगर करून येताव तिकडं."

भावोजींनी वयनीकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, विहारात बघितलं होतं तसंच.

"बाई, हिला तुमी काय शिकवलात?"

तेव्हा माझा राग इतके दिवस कशाचा होता ते मला कळलं. माझा डोंगर काढून टाकला, ते होतंच. पण चार भिंतींच्या आत, विहारात, मोबाइलवर, कुठेही, या बाईबद्दलचा प्रत्येक प्रश्न हे लोक मला विचारत होते. हिला देवळात का नेलंत, हिला काय शिकवलंत. ती दोन हातांवर बसलेली असायची.

"वयनी समोर बसल्यात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. "त्यांना तोंड आहे. त्यांना विचारा."

वयनीने सूप बाजूला ठेवलं आणि वर बघितलं. ती खरोखर वाट बघत होती. भावोजींनी घसा खाकरला, अंगणाकडे बघितलं, पायातली चप्पल सरळ केली.

"चा ठेव," ते म्हणाले.

ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. स्टोव्हचा आवाज आला, कपांचा आवाज आला. मी निघायच्या बेतात होते. तेवढ्यात ती बाहेर आली, एक कप मला दिला, एक त्यांना दिला आणि त्यांच्या पुढ्यातच उभी राहिली.

"मला त्या डोंगराच्या तोंडात बघायचं हाय," ती म्हणाली. "इचारलात तरी जाईन, नाय इचारलात तरी जाईन."

त्यांनी चहा प्यायला.

आमची दोघींची तिकिटं निघाली आहेत. यात्रा आमच्यानंतर आठवड्याने निघेल. आंजर्ल्याला आम्ही अजून जातो, रिक्षावाला दिसला तर वयनी त्याला हात करते. गावात म्हणतात, बाईंनी अध्यक्षांच्या बायकोला फूस लावली. विहाराच्या दारात, नळावर, एसटीत, मला अडवून विचारतात, बाई, तिला कशाला नेताय? वयनी शेजारीच उभी असते. तिला अजून कोणी विचारलेलं नाही.