मायाचा पाटा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात तर माझा धागा तुटतो. आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला, पण एका पाट्यापायी मी इथलं, आखातातल्या फुजैरातलं, एक म्युझियम बंद पाडलं होतं. पाटा म्हणजे वाटणाचा हो, वरवंट्याबरोबरचा. आणि बंद म्हणजे खरोखर बंद. दारं लावून, आत माणसं कोंडून!

मी इथे बंदराजवळ एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. माल आला की त्याला टॅग लावायचा. वरच्या ओळीत वस्तू काय, मग ती कशाची बनलेली, आणि सगळ्यात खाली माल कुणाकडून आला त्याचं नाव. इतकी वर्षं हेच केलं. शिवाय रोज रोजनिशी लिहायची सवय. माणूस किती काटेकोर, ते आलं ना लक्षात? असा माणूस चुकतो ना, तेव्हा तोही काटेकोरपणे चुकतो!

राहतो एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत. माझ्या खालच्या मजल्यावर हसनभाई आणि जुलेखाभाभी. मूळचे रत्नागिरीकडचे. हसनभाईंचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्‌सचं दुकान आहे. माझं जेवण भाभींकडे. नुसता डबा नाही, घरच्यासारखं. ते गावाला गेले की घराची चावी माझ्याकडे. बायको-मुलं देशात टाकून राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घराची चावी मिळणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय नाही कळायचं.

तर यंदा ते दोघं सुट्टीवरून परत आले आणि भाभींचा पाटा गायब! वरवंटा जागेवर, पाटा नाही. तो पाटा भाभींच्या आईचा. गावाहून कार्गोने आणलेला. त्या वेळी हसनभाई म्हणाले होते, "लोक सोना नेतात, ही दगड आणते!" पण त्याच दगडावर वाटलेल्या खोबऱ्याच्या, बांगड्याच्या कालवणाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

भाभी मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, चावी तुमच्याकडंच होती ना?"

"माझ्याकडेच होती, भाभी."

"हां. मंग ती चावी जरा द्या हां. असू दे माज्याकडं."

बस. ना आवाज चढला, ना भांडण झालं. पण माझ्या खोलीतल्या खिळ्यावरून ती चावी उतरली. दुसऱ्या दिवशीच्या कालवणात मिक्सरचं वाटण होतं. भाभी काही बोलल्या नाहीत, कालवण बोलत होतं!

मग मी ठरवलं, चोर शोधायचा. जिन्यात भेटेल त्याच्याकडे मी संशयाने बघू लागलो. वॉचमन? त्याला पाटा उचलायचा म्हणजे आधी खुर्चीवरून उठावं लागेल. भाभींच्या बाल्कनीची गळती काढायला आलेला मिस्त्री? त्याला मीच दार उघडून दिलं होतं, पण तो दगड घेऊन करणार काय?

राहिल्या दुसऱ्या मजल्यावरच्या माया मॅडम.

या बाईंना जुन्या वस्तूंचं वेड. पितळेच्या घंगाळात मनीप्लांट, जात्याच्या तळीवर दिवा. एकदा भाभींकडे येऊन पाट्यावर हात फिरवत म्हणाल्या होत्या, "अय्या, किती छान! मला द्या ना हा, हॉलमध्ये ठेवीन." आता तुम्हीच सांगा! हॉलमध्ये पाटा ठेवणारी बाई काय काय करणार नाही? वर, लिफ्टमध्ये भेटल्या की मला विचारतात कशा, "सापडला का हो पाटा?" इतकी काळजी? चोरालाच असते इतकी काळजी!

पण पुरावा नव्हता.

एका दुपारी, मला रजा होती तेव्हा, हसनभाई म्हणाले, "सावंत, चला, म्युझियम बघू. तिकीट मामुली हाय, एसी फुल हाय." बाहेर ऊन असं, की गाडीच्या बॉनेटवर पापड भाजून निघाला असता. गेलो. दारात शाळेच्या पोरांची ही झुंबड, भिंतीवरचा मोठा बोर्ड त्यांच्या डोक्यांआड गेलेला. आम्ही कडेने आत सटकलो.

पहिल्या दालनात इथल्याच थडग्यांतल्या जुन्या वस्तू. दुसरं दालन अंधारं, वरून एकेका वस्तूवर दिव्याचा झोत. आणि मधोमध, दोरीच्या कुंपणात, उघड्या चौथऱ्यावर… पाटा!

मी हसनभाईंचं मनगट धरलं.

"काय झाला? चक्कर आली?"

"बघा. नीट बघा."

"पाटा हाय," हसनभाई म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. "मध्येच झिजलेला… कोपरा पण आमच्यासारखाच तुटलेला हाय…"

शेजारच्या कार्डावर इंग्रजी होतं. वरची ओळ, धान्य दळण्याचा दगड. त्याखाली, बेसाल्ट. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत: माया.

अहो, आयुष्यभर टॅग वाचलेला माणूस मी! खालच्या ओळीत नाव कुणाचं असतं? माल ज्याच्याकडून आला त्याचं!

"हसनभाई, तिने देऊन टाकला. वर स्वतःचं नाव लावून घेतलंय!"

"पण सावंत, ह्याला तीन पाय हायत. आमच्या पाट्याला पाय नव्हते."

"लावलेत."

"दगडाला पाय?"

"चोरीच्या गाडीची नंबरप्लेट बदलतात की नाही?"

हसनभाई स्पेअर पार्ट्‌सवाले. हे त्यांना लगेच पटलं. "पण हितं वरवंटा पण हाय. आमचा तर घरी हाय."

"हाच तर पुरावा! आपला तिच्या हाती लागला नाही, म्हणून तिने दुसरा आणून ठेवला!"

आता सांगा, एवढ्या चोख तर्कापुढे माणूस काय बोलणार? मग मी बाकीची कार्डं वाचत सुटलो. मातीची सुरई… माया. हिरव्या मण्यांचा हार… माया. दगडी मुखवटा… माया! माया! माया! दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये या बाईने हा एवढा माल ठेवला कुठे होता? आणि आपण दिवाळीला तिच्याकडे चकल्या खाऊन आलो!

कोपऱ्यात गार्ड उभा होता. मी अगदी सहज, स्टोअरमध्ये चौकशी करतो तशी केली.

"भाई, ये सब माया का सामान है?"

"हां जी, सब माया का."

"सब?"

"ये पूरा हॉल माया का है, साब."

"माया अभी किधर है?"

गार्डने हात झटकले. "माया? खलास! कब के गए. शहर छोड़ के गए, पता नहीं क्यूं."

"ऐसे कैसे? कल तो मुझे लिफ्ट में मिली!"

गार्ड माझ्यापासून एक पाऊल मागे सरकला. मग मला भित्रा समजून की काय, आवाज बारीक करून म्हणाला, "साब, वो लोग डेंजर थे. देवता के आगे आदमी की बलि चढ़ाते थे."

मागच्याच महिन्यात माया मॅडमनी सत्यनारायणाला बोलावलं होतं. मी गेलो होतो. एकटा! शिरा आणखी घ्या, आणखी घ्या, म्हणून आग्रह कशासाठी चालला होता, ते आता ध्यानात आलं!

मी तिथूनच भाभींना फोन लावला. "भाभी, पाटा सापडला. चोरही सापडला. या ताबडतोब!"

इथवर झालं ते ठीक होतं हो. शहाण्या माणसाने इथे थांबावं. पण मी फोनवर आणखी एक वाक्य टाकलं: "येताना वरवंटा घेऊन या, लावून बघू."

भाभी टॅक्सीने आल्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वरवंटा. नेमक्या त्या वेळी दुसरी शाळा आत शिरत होती, त्या गर्दीत पिशवी कुणी तपासली नाही. भाभी थेट चौथऱ्याशी आल्या, डोकं वाकडं करून पाटा बघितला.

"भाऊ, माजाच वाटतो. पण ह्याची तब्येत जरा वाढलेली हाय."

"एसीत आहे ना, भाभी."

त्यांनी वरवंटा बाहेर काढला, दोरीवरून वाकल्या आणि…

"ए! ए! मॅडम! रुको!"

गार्ड धावत आला. त्याने भाभींच्या हातातला वरवंटा बघितला. चौथऱ्यावरचा वरवंटा बघितला. पुन्हा हातातला. "एक था, दो कैसे हो गए?"

मग त्याच्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो मला लांबून दिसला. नकली ठेवून असली न्यायला आलेली टोळी! त्याने वॉकी-टॉकी तोंडाशी नेला. दारं लागली. शाळेची पोरं आनंदाने ओरडली. हसनभाई पुटपुटले, "सावंत, दुकानाचा लायसन्स माज्या नावावर हाय हां."

आम्हाला ऑफिसात बसवलं. समोर म्युझियमच्या अधिकारी बाई. काळा पायघोळ अबाया, शांत चेहरा. अशा शांत चेहऱ्यांची मला फार भीती वाटते. त्यांनी तिघांची ओळखपत्रं घेतली आणि वरवंटा रुमालात धरून उचलला.

"व्हेअर डिड यू गेट धिस?"

"माज्या आईचा हाय," भाभी म्हणाल्या.

"मदर्स," हसनभाईंनी भाषांतर केलं. "ओन्ली मदर्स."

बाईंनी वरवंटा नाकाशी नेला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "गार्लिक?"

"लसूण, खोबरा, तिरफळ," भाभी अभिमानाने म्हणाल्या. याचं इंग्रजी हसनभाईंना येईना. मला येत होतं, पण माझी जीभ टाळूला चिकटली होती. शेवटी बाईंनी फोन केला आणि आम्हाला म्हणाल्या, आमच्याकडे एक भारतीय व्हॉलंटियर आहे, गाइडचं काम करते, ती भाषांतर करेल.

दार उघडलं. गळ्यात बॅज, हातात पाण्याची बाटली. आत कोण यावं?

मी खुर्चीवरून ताडकन उठलो. बोट रोखलं. आणि काय ती माझी जीभ, नेमकी त्याच वेळी सुटली! "धिस! धिस इज माया! ऑल माल हर माल! आस्क हर!"

अधिकारी बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माया मॅडमकडे.

"सावंतकाका," माया मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मी सगळं ओकलो. पाटा, कार्डं, खालची ओळ, पाय, सत्यनारायण. माया मॅडम आधी लाल झाल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या भिंतीला टेकल्या.

"अहो, माया म्हणजे लोक आहेत, लोक! तिकडे अमेरिकेकडचे! हजारो वर्षांपूर्वीचे! त्यांच्या वस्तू इथे प्रदर्शनाला आल्यात. बाहेर एवढा मोठा बोर्ड आहे!"

"आणि तुम्ही?"

"मी चिंचवडची!"

त्यांनी हे सगळं अधिकारी बाईंना इंग्रजीत सांगितलं. "पाय लावले" इथे आल्यावर बाईंचा तो शांत चेहरा फुटला. "वल्ला!" म्हणत त्यांनी अबायाच्या बाहीने डोळे पुसले. ओळखपत्रं परत दिली, वर खजूर दिले आणि गावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला. गार्डने मात्र आम्हाला फाटकापर्यंत सोडलं, आणि सगळा वेळ त्याची नजर माझ्या हातांवर.

टॅक्सीने घरी आलो. मी तर लिफ्टही टाळली, जिन्याने वर गेलो.

संध्याकाळी दारावर टकटक. भाभी! गुडघा दुखतो म्हणून कधी गच्चीवर न येणाऱ्या भाभी, हातात कालवणाचं भांडं घेऊन दारात उभ्या.

"भाऊ, माज्याच मनात पाप आला. तुमी माज्या पाट्यासाठी एवढी इज्जत घालवलीत. चोरी करणारा असा येडेपणा करील काय?" त्यांनी ओढणीची गाठ सोडली आणि चावी पुढे केली. "ठेवा. तुमच्याकडंच बरी."

मला भरून आलं. आणि भरून आलेला माणूस जे करतो तेच मी केलं. भाषण!

"भाभी, माझ्या मनात काही नाही. फक्त एक सांगतो, पुराव्याशिवाय कुणावर संशय घेऊ नये. वस्तू कुठे जात नसते. आपण नीट बघत नाही, एवढंच…"

भाभी माझ्याकडे बघत नव्हत्या. पायाखाली बघत होत्या.

"भाऊ, हा दगड कदीपासून हाय हितं?"

"हा होय? तुम्ही गावाला होतात तेव्हापासून. एसीचं पाणी दारात साचतं ना, म्हणून मिस्त्रीने कुठून तरी आणून टाकला असेल. एकदम भक्कम! रोज यावरच बूट घासून आत…"

भाभी बाजूला झाल्या. कालवणाचं भांडं माझ्या हातात दिलं. खाली बसून दगडाच्या तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, दोन्ही हातांनी तो उचलला आणि उलटा केला.

मधोमध झिजलेला. हळदीचा रंग अजून तसाच.

मग मी धीर करून म्हणालो, "भाभी… चावी…"

"चावी ना?" भाभींनी ती पुन्हा ओढणीत बांधली आणि गाठ दातांनी ओढून पक्की केली. "ती मी आता मायाकडं देतंय."