बॅटवरचं कुंकू

कोपर स्टेशनबाहेर बॅट दुरुस्त करणारे एक काका बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. बॅट हातात आली की ते आधी ती कानाशी धरून टकटक करतात आणि मग गिऱ्हाइकाला झापतात. "नुसतं हँडल सुटलंय हो! हात मोडला तर माणूस फेकता काय?"

मला त्याचं हसू यायचं. दिवाळीच्या आवराआवरीत मीसुद्धा मुलाची जुनी बॅट कचऱ्यात टाकली. आठवड्याने काका तीच बॅट घेऊन दारात उभे. कचरावाल्या बाईंनी ती त्यांना दिलेली, आणि हरवू नये म्हणून मुलाने तिच्यावर आमचा पत्ता लिहिलेला.

"खंडेनवमीला हिची पूजा केलीत ना, ताई? कुंकू अजून तसंच आहे. वीस दिवसांत देवाचा कचरा झाला?"

बॅटला नवं हँडल बसवलेलं होतं. मी घ्यायला गेले, तर त्यांनी ती मागे ओढली.

"ही आता खेळणाऱ्या पोरांकडे जाणार. फडकं आणा. कुंकू तुम्ही लावलंत, पुसायचंही तुम्हीच."

मी उंबऱ्यात उभी राहून ते पुसलं.