भाऊनं कसलेला नट

मोटारसायकलची चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, स्प्रॉकेटच्या, गंजलेल्या नटावर रॉकेल ओतलं आणि त्या वासासरशी थोरला भाऊ डोळ्यांसमोर उभा राहिला.

भामरागडचं हेच अंगण. चाक फिरू नये म्हणून मी सीटवर बसून मागचा ब्रेक दाबून धरलेला. भाऊ पान्याला लावलेल्या पाईपवर दोन्ही पायांनी चढला, नट कसला आणि हसला, "आता माह्याबिगर कोणाच्यानं नाई निघत."

दुसऱ्या दिवशी हट्टानं गाडी मीच नेली. भाऊ पायी निघाला आणि नाल्याच्या पुरात वाहून गेला. त्यानंतर गाडी फारशी निघालीच नाही.

आज ब्रेकवर माझी मुलगी आहे. "बाबा, थांबले काऊन?"

मी पाईपवर पाय दिला. नट कट्टकन सुटला. भाऊच्या पायांचा तेवढाच जोर घरात उरला होता. तोही मीच ढिला केला.