सिदोनी आणि द्राक्षांचा खार

फ्रान्समधल्या बेझिए गावाच्या आसपासच्या वाइनच्या तळघरांत सिदोनी काब्रोलचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, चेहरा मात्र थोड्यांनीच धड पाहिलेला. सुगीआधीचे चार महिने ती रिकाम्या पिंपांच्या पोटातच असे. पिंपाचं दार जेमतेम हातभर उंच. बापाचे खांदे त्यात अडकायला लागले, तेव्हा सतराव्या वर्षी हीच आत शिरली. आत मेणबत्ती सरकवायची, हवा चांगली असून ज्योत टिकली तरच आपण जायचं, आणि वाइनमधून उतरून लाकडावर बसलेला खाराचा थर हातोडीने ठोकून काढायचा. तो रंगारी नेत, औषधवाले नेत, बेकरीवाले नेत. घरी आई त्यानेच तांब्याची भांडी लखलखीत करी.

"केसांत सदा खार. तुझ्याशी लग्न कोण करणार?" मावशी विचारी.

"मुरलेली बायको हवी असेल तो करेल," सिदोनी म्हणे.

एका जानेवारीत द्राक्षमळ्याचे मालक बार्तेस यांच्या लेकीचं लग्न होतं. पांढऱ्या वाइनच्या बाटल्या दोन दिवस अंगणात गारठल्या होत्या. जेवणाला बसल्यावर नवऱ्यामुलाच्या काकांनी पेला उजेडात धरला. तळाशी कण चकाकत होते.

"यात काच आहे," ते म्हणाले. "मारायला बोलावलंत होय आम्हाला?"

भराभर पेले खाली ठेवले गेले. बार्तेसना घाम फुटला, नवरी रडकुंडीला आली.

सिदोनी शेवटच्या टेबलावरून उठली. तिने काकांचा पेला निथळवला, कण तळहातावर घेतले आणि चिमूटभर कराकरा चावले.

"आंबट लागतंय. काच आंबट असते का हो काका?"

"तुझे दात आहेत तोवर चाव."

"बरं, मग हे बघा." तिने उकळतं पाणी मागवलं, उरलेले कण त्यात टाकून ढवळले. पाणी नितळ झालं. "हा द्राक्षांचाच खार. गारठ्यात खाली बसतो, कढत पाण्यात विरघळतो. याचे थर खरवडण्यातच माझा जन्म चाललाय."

काकांनी पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे खरं," ते म्हणाले आणि पेला पुढे केला. "भरा."

पंगत पुन्हा गजबजली. काकांशेजारी बसलेला इलेर नावाचा घड्याळजी मात्र जेवायचं विसरून सिदोनीकडेच बघत होता. शेवटी धीर करून त्याने विचारलं, "पिंपाच्या आत, अंधारात, काय करता?"

"गाते. फार छान घुमतं."

ईस्टरनंतर दोघांचं लग्न झालं. मावशी त्या लग्नात सगळ्यांत जास्त नाचली.