चिमूटभर हळद

देवळात एखादी बाई शेजारणीला म्हणते, "देवाला मानणारा माणूस आहे, फसवायचा नाही," तेव्हा माझं डोकं तापतं. तशी मीही देव मानते. आंघोळ करून दिवा लावल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. तरी हे वाक्य कानावर पडलं की मी उठून दुसऱ्या खांबाला टेकून बसते. सुना म्हणतात, सासूबाई म्हातारपणी चिडखोर झाल्या. झाले बिले काही नाही, मी आधीपासून अशीच आहे.

आता सांगते ते सगळं माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि गडचिरोली त्यातली एक तहसील. तिथून बैलगाडीनं जंगलात आत शिरलं की आमचं गाव लागायचं. माझा नवरा तिथल्या शाळेचा एकटा मास्तर. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणायची.

मास्तरांना देव नव्हता. लग्न जमवताना हे कोणी सांगितलं नव्हतं, नाहीतर माझ्या बापानं त्यांना उंबरठ्याच्या आत घेतलं नसतं. पण माझ्या देवाच्या फळीला ते कधी आडवे आले नाहीत. उलट दिव्याचं तेल संपत आलं की आठवणीनं आणायचे आणि म्हणायचे, "घे, तुझ्या मंडळींचं तेल." मी म्हणायची, "माझी मंडळी तुमच्यावरही डोळा ठेवून आहे, जपून राहा." असं आमचं चालायचं आणि बरं चालायचं.

आमच्या घराला लागून एका विधवेचं घर होतं. माझ्याहून थोडी मोठी असेल. नवरा तापानं गेलेला, सासू अंथरुणाला लागलेली, लेकरं लहान. तिची भाताची एकच बांधी, आणि त्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, मोहाची दोन दांडगी झाडं. बांधीतला भात संक्रांतीपर्यंत कसाबसा पुरायचा. पुढचं सगळं मोहावर. चैत्रात फुलं गळतात, ती वेचायची, वाळवायची, काही घरात शिजवायची, काही देऊन तांदूळ आणि मीठ घ्यायचं. मोह म्हटलं की पुण्याकडच्या लोकांना फक्त दारू आठवते. बसा म्हणावं आठवत. आमच्याकडे त्या फुलांवर घरंच्या घरं जगली आहेत.

तिचा थोरला दीर, ज्याला आमच्याकडे भासरा म्हणतात, तो गावातला सगळ्यांत देवधर्माचा माणूस. गावाबाहेर कडुलिंबाखाली मातामायचं ठाणं होतं. तिथला दिवा तोच लावायचा. पाऊस असो, अंगात ताप असो, दिवा चुकला नाही. आणि माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. आम्ही गावात नवे असताना मला हिवताप आला, तेव्हा तो रोज आपल्या घरून पेज पाठवायचा. मी त्याला भाऊ म्हणायची, आणि मनापासून म्हणायची.

विधवेचा नवरा जिवंत असताना या दोघा भावांनी मोहाची झाडं वाटून घेतली होती. वाटणी झाली आमच्या ओसरीवर, कारण गावात परका आणि कोणाच्याच नात्यात नसलेला माणूस म्हणजे मास्तर. मी तेव्हा बाळंतपणाला चांद्याला माहेरी होते. धुऱ्यावरची दोन झाडं धाकट्याची, नाल्याकाठची थोरल्याची, असं थोरल्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं आणि मास्तरांनी ऐकलं. मोहाच्या झाडाचे कागद कोणी करत नसे. पुढे धाकटा वारला. त्याच पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि थोरल्याची झाडं मुळासकट वाहून गेली.

फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि जागा झाडून ठेवतात. ज्यानं जागा झाडली, वेचायचा हक्क त्याचा. त्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात विधवा खराटा घेऊन धुऱ्यावर गेली तर दोन्ही झाडांखाली ताजी राख होती, जागा लख्ख झाडलेली होती, आणि तिची जाऊ, म्हणजे भासऱ्याची बायको, टोपली घेऊन तिथं उभी होती. विधवा तशीच आमच्या घरी आली. रडली नाही. म्हणाली, "मास्तरीनबाई, आता तुमच्या मास्तरच्याच हाती हाये."

दोन दिवसांनी दुपारचं गाव बसलं, मातामायच्या ठाण्यापुढे. रीत अशी की ज्याला आपलं बोलणं खरं ठरवायचं असेल त्यानं मातेच्या पायाजवळची चिमूटभर हळद तळहातावर घ्यायची आणि बोलायचं. हळद उचलून बोललेलं गाव मानायचं. त्यावर पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही. पण विधवेनं त्या हळदीला हात लावायचा नाही. म्हणजे जिच्या पोटाचा प्रश्न, तिलाच बोलायची सोय नाही! तिच्या बाजूनं बोलणारा एकच माणूस होता, तो आमच्या घरचा.

मास्तर उभे राहिले आणि वर्गात सांगावं तसं सगळं नीट सांगितलं. कोण कुठं बसलं होतं, कोण काय म्हणालं. भासरा खाली मान घालून ऐकत होता. मी बायकांत बसले होते. मला वाटलं, झालं, सुटली ही.

गावातला जुना जाणता म्हातारा म्हणाला, "उचला हळद, मास्तर."

मास्तर म्हणाले, "हळद मी उचलणार नाही. मी तिला मानत नाही. न मानता उचलली तर तेच खोटं होईल. मी सांगितलं ते खरं आहे, ते तसंच घ्या."

मग तो म्हातारा अगदी हळू, न चिडता म्हणाला, "मास्तर, ज्याले कशाचाच भेव नाई, तो खोटं बोलाले काऊन भेईन?"

याला मास्तरांकडे उत्तर होतं. ते बोललेही बरंच काही, माणसाला माणसाची लाज असते वगैरे. पण कोणाच्या कानात शिरलं नाही. विधवा माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझा हात धरला होता आणि तिची नखं मला लागत होती. मग भासरा उठला. मातेला पाया पडला, हळद घेतली आणि म्हणाला, "झाडं माहे हायेत." बस्स, एवढंच. हात थरथरला असेल तर मला दिसला नाही, आणि मी डोळे फाडून बघत होते.

घरी आल्यावर मी भांडं आपटलं. म्हटलं, "एक चिमूट हळद. तुमच्यासाठी तर ती नुसती स्वयंपाकातली हळद, मग तुमचं काय जात होतं?"

"तू मानतेस ना त्या मातेला?" ते म्हणाले. "मग मी तिच्यापुढे खोटी शपथ घ्यावी, असं तुला वाटतं?"

"शपथ खोटी, पण गोष्ट खरी होती."

"उद्या शाळेतल्या पोरांना मी काय तोंड दाखवू? रोज सांगतो, मानत नसाल ते बोलू नका."

"आणि तिच्या पोरांना काय दाखवणार?" मी म्हटलं. त्यावर ते जेवले नाहीत. मीही नाही जेवले. मला मास्तरांचा आणि भासऱ्याचा, दोघांचा राग येत होता, आणि रात्री दिव्यापुढे बसले तेव्हा मातेचाही आला. माझ्या मनातून जाईना. मास्तरांच्या जागी मी असते तर दोन्ही हातांनी हळद उचलली असती. पण मी मानते, म्हणून मला ती उचलणं सोपं. भासराही मानतो, आणि त्यालाही ती सोपी गेली. मग मानण्याचं करायचं काय, हे मी देवालाच विचारत होते आणि माझीच मला भीती वाटत होती.

विधवा मोह वेचायला रानात आत जायला लागली, जिथं झाडं कोणाचीच नसतात. कोणाचीच नसतात म्हणजे अस्वलांची असतात. पहाटे फुलं गळतात, आणि अस्वलालाही तीच वेळ माहीत असते. आदल्याच वर्षी शेजारच्या गावातल्या एका बाईचा चेहरा अस्वलानं ओरबाडून काढला होता. तिला मी गडचिरोलीच्या बाजारात पदर ओढून बसलेलं पाहिलं होतं. म्हणून विधवा टोपली घेऊन निघाली की माझं कशात मन लागायचं नाही. चुलीपाशी बसावं, उठावं, कुडाशी जाऊन वाट बघावी.

मास्तर तिच्यासोबत जायला लागले. रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी घ्यायचे, आणि ती वेचत असेपर्यंत डबा बडवत उभे राहायचे. सोबतीला तिची लेकरंही असायची, नाहीतर गावानं आणखी वेगळंच बोलायला कमी केलं नसतं. बोलून मोकळं तरीही झालंच. एवढं केल्यावरही टोपली अर्धीच भरायची. तिची धुऱ्यावरची झाडं एका सकाळी जेवढं द्यायची, तेवढं रानात आठवडाभरात मिळेना. मास्तर तसेच धुळीनं माखलेल्या पायांनी शाळेत जायचे. मी त्यांना विचारलं, "हे किती दिवस?" तर माझ्याच अंगावर आले. असे ते कधी यायचे नाहीत.

ज्येष्ठात भासऱ्याची दुभती म्हैस एकाएकी मेली. जनावरांत त्या दिवसांत रोग होता, आणखी दोघांचीही मेली होती. पण भासऱ्याच्या मनानं वेगळंच घेतलं. तो खंगला. दिव्याला जायचा तो ठाण्यावरच बसून राहायचा. बायकोनं माझ्याजवळ सांगितलं, "रात्री उठून बसून राह्यले, म्हणते माता बघून राह्यली." मला खरं सांगायचं तर आनंद झाला. वाटलं, आता हा झाडं देईल. देव मानल्याचा काही उपयोग असेल तर तो हाच असायला पाहिजे.

त्यानं मातेला बोकड दिला.

कशासाठी दिला ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. प्रसादाचं मटण पळसाच्या पानांत बांधून घरोघरी गेलं. विधवेच्या घरचा पुडा सगळ्यांत मोठा होता, आणि भासरा तो स्वतः देऊन आला. आमच्या कुडापाशी तो थांबला. चेहरा निवांत होता, आजारातून उठलेला माणूस असतो ना, तसा. मास्तर शाळेतून येत होते, त्यांनाच त्यानं सांगितलं, "मातेसंग मिटलं माहं, मास्तर."

"आणि झाडं, भाऊ?"

"झाडायचं काय? ते तर तवाच झालं होतं ना."

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. मास्तरांनी पिशवी ओसरीवर टाकली आणि चपलाही न काढता तसेच ठाण्याकडे निघाले. मी मागून गेले. कडुलिंबाखाली गावची माणसं अजून बसलेली होती. मास्तर म्हणाले, "मी हळद उचलतो. आत्ता उचलतो. झाडं त्या बाईची आहेत." त्यांचा आवाज फाटला होता. ज्या माणसानं माझ्या देवापुढे एकदाही हात जोडले नाहीत, तो त्या ठाण्यापुढे वाकून उभा होता, आणि मला ते बघवेना.

म्हाताऱ्यानं त्यांना दंडाला धरून सरळ केलं. म्हणाला, "राहू द्या, मास्तर. तुमीच सांगतलं होतं मानत नाई म्हणून. आता तुमच्या हातात हळद काय अन् माती काय, एकच."

खरं तेच बोलत होता तो.

आम्ही परत आलो तेव्हा विधवा आमच्या ओसरीवर बसली होती. मटण शिजवायला तिच्याकडे कांदा नव्हता, तो मागायला आली होती. ठाण्यावर काय झालं ते तिच्यापर्यंत आमच्या आधीच पोचलं होतं. मास्तर म्हणाले, "बाई, मी उचलायला गेलो होतो."

"ऐकलं," ती म्हणाली. मी आतून कांदा आणला, तो तिनं पदरात घेतला आणि उठली. "तुमी कायले जीव जाळून राह्यले, मास्तर? तुमी तुमचं खरं राखलं. भासऱ्यानं त्याची माता राखली. माहं झाड तेवढं कोणी नाई राखलं."

रागानं नाही बोलली. लेकरं वाट बघत होती, ती घाईनं घरी गेली. मास्तर ओसरीवर उभेच होते. मी त्यांना बसा म्हटलं नाही.