हिरव्यांचा अकरा नंबर

आम्ही बरकतपुऱ्यातले मराठी, तीन पिढ्या हैदराबादेत. वडील शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी मला नि भावाला फुटबॉलला घेऊन जायचे. आम्ही पिवळ्या जर्सीवाले. हिरव्या जर्सीचा क्लब म्हणजे हाडवैरी, आणि त्यातला सगळ्यात मोठा वैरी त्यांचा अकरा नंबर. सडपातळ माणूस, मोजे घोट्यावर उतरलेले, मैदानाच्या डाव्या कडेने असा सुटायचा की आमचा बॅक जागच्या जागी गरगर फिरायचा. मी नववीत असताना फायनलला त्याने आम्हाला दोन गोल घातले. घरी येईपर्यंत मी रडत होते आणि वडिलांना ऐकू जाणार नाहीत अशा बेताने त्याला शिव्या घालत होते. पुढे कितीतरी वर्षं त्याने आम्हाला रडवलं.

गेल्या वर्षी तो वारला. बेगम बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचा. बातमी भावाने कुकटपल्लीहून फोन करून दिली. मग म्हणाला, "ताई, आपण काहीतरी करायला हवं."

दहा दिवसांनी पिवळे विरुद्ध हिरवे असा लीगचा सामना होता. सुरुवातीला एक मिनिट शांतता पाळा, एवढंच मागायला आम्ही स्पर्धेच्या सेक्रेटरीकडे गेलो. त्याने मोबाइलमधून मान वर काढली नाही.

"आप उनके क्लब के हैं?"

"नाही. समोरच्या."

"तो फिर आपकू क्या करना है? चीफ गेस्ट आ रहे, टाइम नै."

तिथून उठून हिरव्यांच्या ऑफिसात गेलो. तिथला मॅनेजर म्हणाला, जुन्या खेळाडूंचं रेकॉर्ड सापडत नाही. भिंतीवर सगळे फोटो देणगीदारांचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्या पायांवर यांनी कप जिंकले, त्याचं नाव यांना कागदात शोधावं लागतं!

रविवारी आम्ही वीसेक जुने पिवळे जमलो, सगळे साठीच्या पुढचे. एका चादरीवर भावाने उर्दू नि तेलुगूत रंगाने लिहिलं होतं: अकरा नंबरला पिवळ्यांचा सलाम. चीफ गेस्टना शाल झाली, हार झाला, फोटो झाले. रेफ्री शिट्टी तोंडाला लावणार, तेवढ्यात आम्ही चादर धरून उभे राहिलो. एक स्वयंसेवक धावत आला. "अम्मा, बैठो, पीछे वालों को दिखता नै." आमच्या मागे फक्त भिंत होती.

रेफ्री अर्ध्या पिकल्या केसांचा होता. त्याने चादर वाचली, शिट्टी खाली घेतली आणि मान झुकवली. खेळाडूंना काही कळेना, पण तेही थांबले. मैदान गप्प झालं. मला वाटलं, झालं, एवढंच तर हवं होतं.

आणि लाउडस्पीकर खरखरला, "पीले क्लब के महान खिलाडी को श्रद्धांजली..."

"हमारे नै! हरे वालों के थे!" आम्ही वीस म्हातारे एकदम ओरडलो.

निवेदक माइकवरच हसला. "एक ही बात है ना, अंकल."

एकच गोष्ट? मी पायऱ्या उतरले, गुडघा धरून, आणि तडक त्याच्या टेबलाशी गेले. माइक मागितला नाही, काढून घेतला. म्हटलं, "मियाँ, एक बात नै है. उनों हरे वालों के थे. हमकू हराते थे. जिंदगीभर हराए. इसलिए हम आए. आप लोगाँ किधर थे?"

हिरव्यांच्या बाजूला तीन-चार म्हातारे उठून उभे राहिले. एकाने टोपी काढून डोळे पुसले. चीफ गेस्टनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यांच्या शालीचा. अकरा नंबरबद्दल एक ओळ नव्हती.

त्या रविवारी सामना संपल्यावर आम्ही चौघे अकरा नंबरच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने खुर्च्या शेजारून मागवल्या, सरबत दिलं.

"आप लोगाँ तो उधर के हैं ना?" तिने विचारलं.

"हौ, उधरचेच," भाऊ म्हणाला.

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आपके गोलकीपर की बहुत तारीफ करते थे. बोलते थे, उसके सामने खेलने में मजा था."

क्लबातून कोण आलं होतं, असं मी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि पेले गोळा करायला उठली. राग तिला नव्हता. तो सगळा मीच घेऊन आले.

त्याचा फोटो ऑफिसात लावा, असं पत्र मी हिरव्यांना पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. मॅनेजरचा फोन आला: विषय कमिटीपुढे आहे. आता पुढच्या आठवड्यात मी स्वतःच त्याच्या बायकोकडचा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून, खिळा नि हातोडी घेऊन जाणार आहे. देणगीदारांना जरा सरकावं लागेल.